पंख्यापुढची जागा

हॉलच्या मालकाला वाटायचं, हॉल त्याचा आहे. कागदावर असेलही. पण त्या हॉलची जमीन माझी होती. आधी लोक चाकांचे बूट घालून तिथे गोल गोल फिरायचे तेव्हा, आणि लढाई लागल्यावर विमानांचा कारखाना तिथे घुसला तेव्हाही, अकरा वर्षं मी ती गुडघ्यांवर बसून घासली. मेपलच्या फळ्या, एकीला एक अशा भिडलेल्या की मध्ये सुई जायची नाही. माझ्या हाताखाली चार बायका होत्या. लाकडाच्या रेघेला आडवा ब्रश मारायची त्यांतल्या एकीचीही छाती नव्हती. माझं, थर्झा गॅडचं, तोंड सगळ्या नदीकाठाला माहीत होतं.

एकोणीसशे पंधरा साली आमच्याकडे विमान कागदावर काढत नसत. विमानांची आखणी करणारे प्रिडोसाहेब यायचे, अंगातला कोट काढून खांबाला अडकवायचे आणि खडू घेऊन जमिनीवरच विमान काढायचे. खऱ्या मापाचं. एक पंख भिंतीपासून निघायचा तो पार तिसऱ्या खांबापर्यंत. सुतार मग त्याच रेघांवर लाकूड ठेवून कापायचे. जे चित्र राखायचं, त्याभोवती सुतारांचा मुकादम टॅपस्कॉट लाल खडूने मोठा गोल काढायचा, आणि दोन दिवसांत त्या रेघा चाकूने कोरून घ्यायचा, पायांखाली पुसल्या जाऊ नयेत म्हणून. लाल गोलाच्या आत माझा ब्रश जायचा नाही. बाहेरचं सगळं संध्याकाळी मी धुऊन टाकायचे. त्याबद्दल कधी बोल ऐकून घेतला नाही.

त्या उन्हाळ्यात त्यांनी एक लढाऊ विमान काढायला घेतलं. त्याला नाव नव्हतं, सगळे 'टोपली' म्हणत. विमानाच्या नाकावरच्या फिरत्या पंख्यातून गोळ्या झाडायची युक्ती तेव्हा आमच्या लोकांना जमली नव्हती, झाडल्या तर आपलाच पंखा फुटायचा. म्हणून प्रिडोसाहेबांनी बंदूकवाल्याला उचलला आणि पंख्याच्या पुढे नेऊन बसवला. विमानाच्या नाकापुढे तारांनी ताणून धरलेली एक लाकडी टोपली, तिच्यात माणूस, माणसाच्या डोक्यामागे हातभर अंतरावर गरगरणारा पंखा, त्यामागे इंजिन, आणि त्याही मागे चालवणारा. मागच्याला पुढच्याची हाक ऐकू जायची नाही. विमान नाकावर आपटलं तर पुढच्याचं काय होईल, हे विचारायला शिकलेलं डोकं लागत नाही.

मी विचारलं होतं. प्रिडोसाहेब म्हणाले, "गॅडबाई, तो आपटायच्या आधी शत्रूला पाडेल."

मी म्हटलं, "आणि नंतर तुम्ही त्याला चमच्याने गोळा कराल."

माझा रूबेन तिथेच सुतारांत होता. वीस वर्षांचा, दारातून वाकून यायचा इतका उंच. एका दुपारी मी त्याची भाकर आणि चहाचा डबा घेऊन गेले, तर माझं पोर जमिनीवर कुशीवर पडलेलं. गुडघे दुमडलेले, दोन्ही हात पुढे, बंदूक धरल्यासारखे. टॅपस्कॉट खडू घेऊन त्याच्याभोवती रांगत होता आणि बाकीचे दात काढत उभे.

"हलू नकोस रे, नाक चुकलं तुझं."

"नाक आईवर गेलंय, टॅपस्कॉट. मोठंच काढ."

"रूबेन!" मी ओरडले. "इस्त्रीचा शर्ट आहे तो!"

तो पडल्या पडल्या माझ्याकडे बघून हसला. "आई, मी विमानात बसलोय. तिथून खाली तू केवढीशी दिसतेस!"

मी भाकर ठेवून निघाले. त्याचं शेवटचं हसणं ते नव्हे, त्यानंतर पाच महिने तो घरात होता आणि पुष्कळ हसला. पण मला आठवतं ते हेच.

दोन-तीन दिवसांनी पाहिलं तर लाल गोलाच्या आत तो कोरलेला होता. डोकं, पाठ, दुमडलेले गुडघे, पुढे धरलेले हात. त्याच्या मागे पंख्याची एक लांब उभी रेघ.

टोपली एकच बनली. पानगळीत ती उडाली, मग फ्रान्सला गेली. तिथल्या बंदूकवाल्यांनी तिच्यात बसायला चक्क नकार दिला म्हणे, आणि दोन महिन्यांत वरून हुकूम आला, पुढची एकही करू नका. रूबेन नाताळात भरती झाला. सोळाच्या जुलैत पत्र आलं, बेपत्ता. मेला असं नाही, जखमी असं नाही. नुसतं बेपत्ता. ओलिव्हने, माझ्या मुलीने, ते मला तीनदा वाचून दाखवलं. तिसऱ्या वेळी मी तिला गप्प बस म्हणाले.

त्याचं काहीच परत आलं नाही. ना घड्याळ, ना बटण. कबर नाही, तिच्यावर लावायचा दगड नाही. पण माझ्याकडे तो होता. हॉलच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, खऱ्या मापाचा.

नवी विमानं आली, नव्या रेघा आल्या. तो कोपरा मी कुणाला वापरू दिला नाही. टॅपस्कॉटकडून लाल गोल दर महिन्याला नवा काढून घ्यायचे. पण आत माझा ब्रश जायला लागला होता. पोटच्या पोराला मळकं ठेवणारी मी नव्हे.

आणि मग ते सुरू झालं. सपाट लाकूड आधी सुकतं, कोरलेल्या रेघांत पाणी उरतं. म्हणजे रोज संध्याकाळी सगळा हॉल फिक्कट, कोरडा झाला की त्या कोपऱ्यात एक ओला, काळा माणूस पडलेला राहायचा. पाच-दहा मिनिटं. आधी त्याचे पाय नाहीसे व्हायचे, मग हात, सगळ्यात शेवटी डोकं. तेवढा वेळ मी बादली पालथी घालून तिच्यावर बसायचे. घरचं सांगायचे. ओलिव्हला कोण बघून गेला, मटण किती चामट निघालं. बायकांना सांगून ठेवलं होतं, त्या वेळी मला कुणी हाक मारायची नाही.

पंख्याच्या रेघेवर मी कधी बादली ठेवली नाही. तिच्या आणि त्याच्या मधली ती हातभर जागा घासताना माझ्या मानेवर वारा यायचा. दारं बंद, खिडक्या बंद. हाताखालची बेसी म्हणाली, "छताला भोक असेल, गॅडबाई." मी वर माणूस चढवला. भोक नव्हतं. वारा थंडही नव्हता. खूप जोरात चालणाऱ्या कशाच्या तरी जवळ उभं राहिलं की येतो तसा, थरथरता. मी पुटपुटायचे, "पुढे सरक रे, रूबेन. थोडा पुढे सरक." तो कसा सरकणार? मीच त्याला रोज स्वच्छ करून, होता तिथेच ठेवत होते.

लढाई संपली. कारखाना गेला, मालकाला पुन्हा चाकांचे बूट दिसू लागले. एकोणिसाच्या एप्रिलात तो म्हणाला, "गॅडबाई, सोमवारी रंधेवाले येतील. सगळी जमीन नव्यासारखी करून घेतो."

मी म्हटलं, "तो कोपरा सोडून."

"लोक अडखळून पडतील."

"मग तेवढ्या फळ्या काढून मला द्या आणि नव्या घाला. नाहीतर या हॉलची जमीन उद्यापासून तुम्ही घासा. ब्रश कसा धरतात ते बेसी दाखवेल."

दुपारपर्यंत तो कबूल झाला. सोमवारी सकाळी फळ्या निघणार, माझ्या घरी येणार.

त्याआधीच्या बुधवारी ती आली. बारकीशी बाई, घरीच काळा रंगवलेला कोट, रंग बाह्यांवर उतरलेला. दारात पाय पुसून पुसून आत आली. तेवढं मला आवडलं.

"गॅडबाई तुम्हीच ना?"

"कोण विचारतंय?"

"मी हेट्टी पॅरिश. माझा नवरा इथे सुतार होता. जेम."

"इथे चाळीस सुतार होते."

"बुटका. सगळे त्याला चिमणा म्हणायचे."

"चिमणा पॅरिश! माझ्या ओल्या जमिनीवरून शिट्टी वाजवत जायचा. दोनदा फडकं फेकून मारलं होतं त्याला."

"हो हो, तोच!" ती अशी खुलली, जसं काही मी त्याचं कौतुकच केलं. "लढाईवर असताना ग्रीसमध्ये, सालोनिकाला वारला. तापाने. तिकडेच पुरलाय, मला काही तिथे जाता येणार नाही. पण जाताना तो म्हणाला होता, हेट्टी, त्या हॉलच्या जमिनीत मला कोरून ठेवलंय, आठवण आली की जाऊन बघ. मी आजवर आले नाही. आता ऐकलं की रंधा मारणार आहेत..."

तिची नजर कोपऱ्याकडे गेली. मी मध्ये उभी राहिले.

"तो माझा मुलगा आहे," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांसमोर काढलेला. तुझ्या नवऱ्याने ऐकलं असेल आणि स्वतःवर घेतलं असेल."

ती मान खाली घालून म्हणाली, "असेल. जेम थापाही मारायचा."

आणि गेली. जाताना ओल्या जमिनीला वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेने गेली.

भांडली असती तर मी तिला दोन मिनिटांत गुंडाळली असती आणि रात्री छान झोपले असते. पण माझ्यासाठी जागा करून द्यायला तिने आपल्या मेलेल्या नवऱ्याला खोटं पाडलं. तो घास माझ्या घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी मी टॅपस्कॉटकडे गेले. तो आता घरामागच्या छपरात शिड्या बनवत होता.

"टॅपस्कॉट, त्या टोपलीत तू कुणाला कोरलंस?"

त्याने पटाशी खाली ठेवली. उत्तर द्यायच्या आधी हात पुसले, एक एक बोट करून.

"चिमण्याला," तो म्हणाला. "रूबेनचे पाय लांब पडले, गॅडबाई. गुडघे टोपलीच्या नाकातून बाहेर येत होते. साहेब म्हणाले, जो सगळ्यात बुटका असेल त्याला आणा. दुसऱ्या दिवशी सकाळी जेमला तिथेच आडवा केला आणि त्याला कोरला."

"आणि माझा रूबेन?"

"तो नुसता खडूचा होता. उपयोगाचा नव्हता, म्हणून मी लाल गोल काढला नाही."

"मग तो गेला कुठे?"

टॅपस्कॉटने पटाशी पुन्हा उचलली. "मी सकाळी आलो तर जमीन लख्ख होती, गॅडबाई. तुमचं काम ते. तुमच्यासारखं कोण धुतंय?"



"चार वर्षं तुझी जीभ झडली होती?"

"एकदा बोललो होतो. पत्र आल्यावर. तुम्ही म्हणालात, टॅपस्कॉट, माझं पोर मला ओळखता येत नाही का? मग मी टोपी घातली आणि गेलो."

खरं होतं. म्हणाले होते मी.

संध्याकाळी बायकांना लवकर घालवलं. माझ्या एप्रनच्या खिशात कापडाची मापाची पट्टी कायम असते. रूबेनच्या सगळ्या विजारी मीच शिवायचे, त्याचं माप मला झोपेतही सांगता येईल. इतकी वर्षं ती पट्टी खिशात घेऊन मी त्याच्या शेजारी गुडघे टेकले होते आणि एकदाही ती बाहेर काढली नव्हती. आता काढली. मांडीपासून गुडघा, गुडघ्यापासून टाच. पाच इंच कमी. पुन्हा मोजलं. पाच इंच.

म्हणजे त्या दिवशी भाकर देऊन मी गेले, आणि संध्याकाळी येऊन आपल्या हाताने पोर पुसून टाकलं. सोडा घालून, गरम पाण्याने. खडूच्या रेघा माझ्यासाठी घाण होती, त्यात डोकं कुठलं आणि हात कुठला, कोण बघतं? मला तर ती संध्याकाळ आठवतसुद्धा नाही. इतर संध्याकाळींसारखीच असणार. पाणी पांढरं झालं असेल, मी ते अंगणातल्या मोरीत ओतलं असेल.

एवढ्यावर थांबता आलं असतं. टॅपस्कॉट कुणाला सांगणाऱ्यातला नव्हता. सोमवारी फळ्या माझ्या घरी आल्या असत्या, हेट्टी पॅरिश पुन्हा दारात आली नसती. शुक्रवार आणि शनिवार मी हाच हिशेब करत जमीन घासली. शनिवारी सगळं सुकलं आणि तो कोपऱ्यात राहिला. पाय गेले, हात गेले. डोकं मात्र जाईना. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मी बादलीवर बसले होते, पण सांगायला काही सुचत नव्हतं. परक्या माणसाला ओलिव्हचं काय सांगायचं? मानेवर वारा सुरू झाला, नेहमीपेक्षा जवळून. आणि मला पहिल्यांदा वाटलं, तीन वर्षं हा पडून माझी गाऱ्हाणी ऐकतोय आणि दर वेळी वाट बघतोय की ही बाई गप्प बसेल आणि ती दुसरी येईल.

"बरं," मी त्याला म्हटलं. "बरं, बाबा. आणते तिला."

रविवारी चर्चमधून परस्पर हेट्टीच्या खोलीवर गेले. तिने दार उघडलं, हातात बटाटा आणि सुरी.

"ऐक," मी म्हटलं. "उद्या सकाळी सातला हॉलवर ये. तो तुझा नवराच आहे."

"पण तुम्ही तर म्हणालात..."

"मी काय म्हणाले ते मला पाठ आहे. पुन्हा ऐकवू नकोस."

तिने बटाटा खिशात घातला. मग तिलाच कळलं, तो काढला, आणि आम्ही दोघी त्या बटाट्याकडे बघत उभ्या राहिलो.

सोमवारी सुतारांनी बारा फळ्या काढल्या. मागे पट्ट्या ठोकून दरवाजासारखं एकसंध केलं. त्यातल्या एकाने विचारलं, "बाई, ही मागची लांब रेघ पण हवी का? चार फळ्या आणखी निघतील."

मी हेट्टीकडे बघितलं. ती काय रेघ आहे, हे तिला मी सांगितलं नव्हतं. पण तिने मानेला हात लावला, टोपीखाली, जसा मी लावायचे.

"नको," ती म्हणाली. "ती इथेच राहू दे."

हातगाडीवर त्याला घातलं, वर माझी चादर टाकली. पुलाजवळ एका म्हाताऱ्याने टोपी काढली, त्याला वाटलं प्रेत चाललंय.

हेट्टीची एकच खोली. सुतारांनी फळ्या आत आणल्या, खिडकीशेजारच्या भिंतीला उभ्या टेकवल्या आणि गेले. आणि जे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, ते समोर दिसलं. जमिनीवर तो माणूस कायम आडवा असायचा. उभा केल्यावर तो बसला. सरळ, जेवायला बसतात तसा, हात पुढे, हनुवटी जरा वर. खांदे धरायची ज्याची त्याची लकब असते, ती रेघेत उतरली होती. रूबेन असा कधी बसला नव्हता. रूबेन खुर्चीत सांडल्यासारखा बसायचा.

हेट्टी काही रडली नाही. तिने टेबल थोडं ओढलं, त्याच्या हातांपुढे येईल असं.

"चहा घ्या ना, गॅडबाई."

"मला दुसऱ्याच्या नवऱ्याकडे बघत बसायची हौस नाही."

ती हसली. मग किटली हातात घेऊन मध्येच थांबली. "त्या दिवशी तो घरी आला तेव्हा त्याच्या कोटाला, एका कुशीला, सगळं पांढरं लागलं होतं. वरपासून खालपर्यंत. म्हणाला, जमीन अजून दमट होती, कुणाचा तरी खडू होता खाली, नीट निघाला नव्हता."

"माझ्या जमिनीवरचं नीट निघालं नाही, असं होत नाही," मी म्हटलं.

"फळ्यांच्या सांध्यांत उरला असेल," ती हळूच म्हणाली.

"मग? कोटाचं काय केलंस?"

"ब्रशने झटकला."

"कुठे?"

"इथेच, दारात. कोट झटकायला आणखी कुठे जाणार?"

मी उठले. तिने मला थांब म्हटलं नाही, हे तिचं शहाणपण. आमच्या गल्ल्यांतल्या सगळ्या बायकांसारखा तिनेही उंबरा पांढऱ्या दगडाने घासून ठेवला होता, ताजा, सकाळचाच. त्यावरचं पांढरं दगडाचं की माझ्या रूबेनच्या खडूचं, कोण ओळखणार? पाठीमागे ती त्याच्याशी बोलायला लागली होती, अगदी साधं, कोळसा महाग झाल्याचं. मी घागरा गोळा करून धरला, पाय गुडघ्यापर्यंत उचलला आणि उंबऱ्याला बूट न लावता बाहेर आले.